प्रथिनांच्या अभ्यासक डॉ. कमला सोहोनी



ज्वारीची भाकरी आणि तुरीची डाळ हे जेवण आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला शिकवावे लागत नाही. शेतावर जाणाऱ्याच्या फडक्यात तेच, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या डब्यात तेच, आणि परीक्षेच्या दिवसांत घाईघाईने उरकलेल्या जेवणातही तेच. पण भाकरीबरोबर डाळच का? नुसत्या भाकरीवर मुलाचे अंग का भरत नाही? हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारला असेल? त्याचे उत्तर आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत दडलेले आहे. डाळी, दूध, बटाटा, नीरा अशा साध्या पदार्थांचे अंतरंग तपासण्यात जिने आयुष्य वेचले अशा एका मराठी विदुषीची, डॉ. कमला सोहोनी यांची, ओळख करून घेताना ते उत्तरही आपण पाहू.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीचा. १९७५ साली कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या देणगीतून बंगलोरला उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे बंधू. तेव्हा घरात रसायनशास्त्र हा विषय जेवताना-बसताना कानावर पडणारा. आपणही वडिलांच्याच संस्थेत जाऊन संशोधन करायचे, असे या मुलीने ठरवले असेल तर त्यात नवल ते काय!

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली. रसायनशास्त्र मुख्य, भौतिकशास्त्र दुय्यम आणि गुणवत्ता यादीत पहिला क्रमांक. तिने बंगलोरला अर्ज पाठवला. अर्ज नामंजूर होऊन आला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, वय बसत नव्हते म्हणूनही नव्हे. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळवून ज्यांनी साऱ्या देशाची मान उंचावली होती, तेच हे रामन. मोठा शास्त्रज्ञ प्रत्येक बाबतीत मोठाच असतो असे नाही, हे विद्यार्थ्यांनी लहानपणीच समजून घेतलेले बरे. म्हणजे पुढे आदरही करता येतो आणि विरोधही करता येतो.

वडील व चुलत्यांनी विनंती करून पाहिली. उपयोग झाला नाही. तेव्हा कमला स्वतः बंगलोरला गेली आणि नकाराचे कारण सांगा म्हणून रामन यांच्यासमोर उभी राहिली. ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. सत्याग्रह हा शब्द घराघरात पोचला होता. एका एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने तो संचालकांच्या कचेरीपर्यंत नेला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष तिला रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्या असण्याने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वाचून आज हसू येते, पण त्या मुलीला हसणे परवडणारे नव्हते. अपमान गिळून तिने अटी मान्य केल्या.

पालकहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. या मुलीच्या पाठीशी काय काय होते ते पाहा. पहिला क्रमांक होता, संस्थेचे माजी विद्यार्थी असलेले वडील होते, चुलते होते, शिकलेले घर होते. एवढे असूनही दार लावलेलेच होते आणि ते उघडताना तिची सारी शक्ती पणाला लागली. आता आपल्या वस्तीतील एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. घरात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिच्यासाठी अर्ज कोण लिहिणार? नकार आला तर कारण विचारायला कोण जाणार? कमलाबाईंच्या धैर्याचे कौतुक करावे तितके थोडेच, पण त्यांच्या वडिलांनी आपल्या मुलीबरोबर स्वतःचाही शब्द खर्ची घातला होता, ही गोष्ट मला त्या धैर्याइतकीच मोलाची वाटते.

बंगलोरला त्यांना श्री. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीला कडक, पण शिकवायला बसले म्हणजे हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. आपल्या देशातील गरिबाच्या ताटातले प्रथिन मुख्यतः डाळीतून येते, म्हणून हा विषय त्यांनी निवडला. वर्ष संपले तेव्हा रामन यांना तिच्या कामाबद्दल शंका उरली नव्हती. १९३६ साली त्या विशेष प्रावीण्यासह एम. एस्सी. झाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रामन यांनी संस्थेचे दार स्त्रियांसाठी उघडले. मागून आलेल्या मुलींना ती अपमानकारक अट स्वीकारावी लागली नाही.

यापुढचा टप्पा इंग्लंडमधील केंब्रिज. १९३७ च्या अखेरीस शिष्यवृत्ती घेऊन त्या तेथे पोचल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स हे तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. पण त्यांच्या प्रयोगशाळेत जागाच शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या एका संशोधकाने आपले टेबल दिवसा कमलाबाईंना दिले आणि स्वतः रात्री काम करू लागले. एकाच दिव्याखाली आळीपाळीने अभ्यास करणारी भावंडे आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसत असत. केंब्रिजमध्येही विद्या अशीच वाटून घ्यावी लागली, हे वाचून मौज वाटते.

रिक्टर पुढे दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्या हाताखाली वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. साधा बटाटा घेऊन त्यांनी दाखवून दिले की वनस्पतीच्या पेशीतही 'सायटोक्रोम सी' नावाचे प्रथिन असते. हे प्रथिन काय करते? आपण श्वासावाटे प्राणवायू घेतो आणि अन्नातील शक्ती मोकळी करतो. ती एका दमात मोकळी होत नाही, पेशीच्या आत हातोहात पुढे सरकवली जाते. विहिरीवर ओळीने उभे राहून माणसे बादली पुढे देतात ना, तसे. त्या ओळीतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांच्या पेशीत तो ठाऊक होता. बटाट्याच्या पेशीतही तोच गडी उभा आहे, हे कमलाबाईंनी सिद्ध केले. सुमारे चौदा महिन्यांचे काम आणि अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध! १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. केंब्रिजहून विज्ञानातील ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. जाडजूड प्रबंधालाच विद्वत्ता समजणाऱ्यांनी ती चाळीस पाने ध्यानात ठेवावीत.

आता विज्ञानाचे विद्यार्थी विचारतील की बटाट्यात आणि माणसात एकाच जातीचे प्रथिन येते कुठून? १९३९ साली या प्रश्नाचे उत्तर कमलाबाईंना सोडाच, पण हॉपकिन्सनाही देता आले नसते. पेशी प्रथिन कशाच्या आधारे बनवते हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. जनुके डीएनए नावाच्या द्रव्याची असतात याचा पहिला भक्कम पुरावा १९४४ साली मिळाला. त्या द्रव्याची पिळदार दुहेरी रचना १९५३ साली केंब्रिजमध्येच वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची ठरावीक क्रमाने ओवलेली माळ आहे, हे फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनची माळ मणी मोजून वाचली तेव्हा निर्विवाद झाले. तेही केंब्रिजचेच. पुढची सर्व हकिकत कमलाबाईंनी आपल्या हयातीत उलगडताना पाहिली.

ती हकिकत आपण आपल्याकडच्या भाषेत समजून घेऊ. तुमच्या आजोबांच्या जमिनीचे जुने कागद तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात असतात. मूळ कागद कोणी घरी नेऊ देत नाही. अर्ज करायचा आणि हव्या त्या पानाची नक्कल घ्यायची. पेशीच्या केंद्रकातील डीएनए म्हणजे हे मूळ दप्तर. माणसाच्या दप्तरात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, पण लिपी मात्र अवघ्या चार अक्षरांची. एखादे प्रथिन हवे झाले की त्याच्या जनुकापुरत्या मजकुराची नक्कल निघते. ही नक्कल आरएनए नावाच्या द्रव्याची असते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती केंद्रकाबाहेर येते, काम झाले की मोडून टाकली जाते. मूळ दप्तर जागच्या जागी सुरक्षित!

पण नक्कल हाती आली म्हणजे काम झाले असे नव्हे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या काळचे पुष्कळ दप्तर उर्दूत आहे. ती नक्कल घेऊन माणूस उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्याकडे जातो. अशी वाचणारी वडीलधारी मंडळी आपल्यापैकी अनेकांच्या घरात होती, तेव्हा हे वेगळे सांगायला नको. पेशीलाही असाच दुभाषी लागतो, कारण जनुकाची भाषा चार अक्षरांची आणि प्रथिनांची भाषा वीस अमिनो आम्लांची. हे दुभाषाचे काम वाहक आरएनए नावाचे छोटे रेणू करतात. त्यांच्या एका टोकाला नकलेतील तीन अक्षरे ओळखण्याची सोय असते, दुसऱ्या टोकाला त्या तीन अक्षरांचे अमिनो आम्ल अडकवलेले असते. ते बिनचूक अडकवण्याचे काम वेगळी एन्झाइमे करतात. एन्झाइमे म्हणजे विकर, तीही बहुतेक प्रथिनेच. मग रायबोसोम नावाचा कारागीर नक्कल तीन-तीन अक्षरे पुढे सरकवत जातो आणि दुभाष्याने आणलेला मणी माळेत गुंफत जातो. आपल्या पेशीत सेकंदाला साधारण पाच मणी या वेगाने हे काम चालते.

चार अक्षरांपैकी तीन-तीन घेतली तर ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ शब्द अमिनो आम्लांचे आणि तीन शब्द मजकूर संपल्याची खूण. कोणत्या शब्दाचा अर्थ काय, याचा पहिला उलगडा १९६१ साली निरेनबर्ग आणि माथाई यांनी अमेरिकेत केला. पुढे हव्या त्या क्रमाच्या अक्षरांच्या माळा प्रयोगशाळेत बनवून हा कोश पुरा करण्यात मोठा वाटा होता डॉ. हरगोविंद खोराना यांचा. १९६८ साली निरेनबर्ग व हॉली यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि गंमत पाहा, पेशीच्या दप्तराची लिपी लावणारे हे खोराना पंजाबातील एका लहानशा खेड्यातील पटवाऱ्याचे चिरंजीव होते!

आता कमलाबाईंच्या बटाट्याकडे परत येऊ. माणसाच्या सायटोक्रोम सी या प्रथिनात १०४ अमिनो आम्ले असतात. म्हणजे दप्तरात ३१२ अक्षरे, शिवाय आरंभाची आणि शेवटाची खूण. ही माळ वेगवेगळ्या प्राण्यांत वाचून पाहिली तेव्हा असे आढळले की चिंपांझीची माळ माणसाशी मण्याला मणी जुळते, ऱ्हीसस माकडाच्या माळेत एक मणी वेगळा आहे आणि घोड्याच्या माळेत बारा. वनस्पतींत फरक याहून पुष्कळ जास्त, पण माळ ओळखू येते ती येतेच. नकला करता करता कोठे एखादे अक्षर बदलते आणि पिढ्यान्पिढ्या ते तसेच लिहिले जाते. जिवांचे जुने नाते शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी जी प्रथिने प्रथम हाताशी धरली त्यांत हे एक होते.

प्रत्येक बदल असा निरुपद्रवी नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे. मूळ दप्तरात एकच अक्षर बदलले की तेथे व्हॅलिन येते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रोग्याला असह्य वेदना होतात. हाच सिकलसेल आजार. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारकडे त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. भारतात याचे अक्षर प्रथम सापडले ते १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत. त्याच निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत कमलाबाईंनी काही वर्षे काम केले होते.

होय, पदवी घेऊन त्या परदेशात राहिल्या नाहीत. १९३९ सालीच स्वदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरला सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणिती श्री. एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत नव्याने निघालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापक झाल्या आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी पुन्हा डाळींकडेच वळवले.

येथे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. रायबोसोम माळ ओवत असताना नकलेत लायसिन या अमिनो आम्लाचा शब्द आला आणि लायसिनच हजर नसले तर काय होईल? तो त्याऐवजी दुसरा मणी घालू शकत नाही. काम तेथेच अडते. वीसपैकी नऊ अमिनो आम्ले माणसाचे शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात आणि लायसिन त्यांपैकी एक आहे. ज्वारीत लायसिन फार कमी. डाळीत ते भरपूर, पण डाळीत मेथिओनिन कमी आणि ते ज्वारीत त्या मानाने बरे. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की दोघींची उणीव भरून निघते. आपल्या आजी-पणजींनी हा कोश न वाचताच ताट बरोबर मांडले होते. वाढत्या मुलाच्या ताटातली डाळ मात्र पातळ होत होत नुसते पाणी होता कामा नये.

डाळी-कडधान्यांचा एक दोषही कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन नावाचे एन्झाइम असते. कच्च्या वालात आणि डबलबीनमध्ये या ट्रिप्सिनला निकामी करणारे प्रथिन असते. ते त्यांनी शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९५५ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते संशोधन छापून आले. नीट शिजवल्यावर ही द्रव्ये बहुतांशी नष्ट होतात. जळण वाचवण्यासाठी कडधान्य अर्धेकच्चे उतरवणे हे म्हणूनच तोट्याचे.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम हाती घेतले. सूर्योदयापूर्वी उतरवलेली गोड नीरा आणि तिच्यापासून केलेला गूळ यांत जीवनसत्त्वे व लोह असते, आणि कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांना तिचा फायदा होतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्धप्रकल्पालाही दुधाच्या प्रतीच्या बाबतीत त्यांचा सल्ला असे. इतके करूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यायला चार वर्षे उशीर झाला. दार बंगलोरला एकदा उघडले म्हणजे कायमचे उघडले असे झाले नाही.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या क्रियाशील सदस्य होत्या. पुढे १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. संस्थेच्या 'कीमत' या पत्रिकेत लेख लिहून त्यांनी गृहिणींना भेसळीविषयी सावध केले आणि मुलांसाठी मराठीतून विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. केंब्रिजची पदवीधर विदुषी मसाल्याच्या पुडीतील भेसळीवर लिहिते यात तिला कमीपणा वाटला नाही.

१९९८ साली, वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटल्यावर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. वयाची पर्वा न करता त्या गेल्या. १९३९ साली ज्या शहरात त्यांनी पहिली नोकरी धरली होती त्याच शहरात, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.